केस ‘स्थगित’ झाली म्हणतात, पण नक्की काय थांबलं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं, की तुम्ही नोकरीला पुण्यात, गाव खानापूर तालुक्यात, वडिलोपार्जित जमिनीवरून भाऊबंदकीत केस चालू. तारीख झाली की काका फोनवर सांगतात "केस स्थगित झाली", वडिलांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या कन्नड कागदाच्या फोटोत कुठंतरी ‘तडेयाज्ञे’ असा शब्द आहे, ई-कोर्टच्या ॲपवर नुसती पुढची तारीख दिसतेय, आणि तिकडं चुलत भाऊ जेसीबी लावून बांध कोरतोय. स्थगित, तहकूब, स्टे, तडेयाज्ञे हे सगळं एकच असेल तर ह्याचं काम चालू कसं, हा तुमचा सवाल. आणि जाता जाता विचारलंय की ग्रामपंचायतीत कामाला असलेल्या पाहुण्यांना ‘अमानत’ केलंय म्हणे, ते काय असतं.

मी बेळगावात वकिली करतो, जास्त करून दिवाणी आणि रेव्हेन्यूची कामं, पक्षकार बहुतेक आपलेच मराठी शेतकरी, खानापूर, बेळगाव ग्रामीण, निपाणी, चिक्कोडीकडचे. आमच्याकडं उतारा कन्नडात, ऑर्डर कधी कन्नडात कधी इंग्रजीत, घरात बोलणं मराठीत आणि पेपरात छापून येतं ते चौथंच. त्यामुळं मिळालेल्या ऑर्डरचा अर्थ समजावून सांगण्यात माझा निम्मा दिवस जातो. तुमचा कागद मी बघितलेला नाही, म्हणून तुमच्या केसमध्ये अमुकच झालंय असं छातीठोक सांगता येणार नाही, ते शेवटी ऑर्डरमधल्या चार ओळींवर ठरतं. खरं त्या चार ओळी वाचायच्या कशा ते सांगू शकतो.

तुमची खरी अडचण शब्दकोशातली नाहीच. ह्या सगळ्या शब्दांचा अर्थ "तात्पुरतं थांबलं" एवढा आहे हे तुम्हालाही माहीत आहे. पण काय थांबलं हे काका सांगत नाहीत, आणि बहुतेक त्यांनाही कुणी सांगितलेलं नसणार. फक्त आजची सुनावणी थांबली का, एखाद्या हुकमाचा अंमल थांबला का, समोरच्या माणसाचा हात अडवला का, का अख्खा दावाच बाजूला ठेवला, ह्या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि गावात चारही गोष्टींना "स्थगित झालं" म्हणून मोकळे होतात.

तहकूब आधी घेऊ, कारण कोर्टात रोज सगळ्यात जास्त घडतं ते हेच. साक्षीदार आला नाही, वकील दुसऱ्या कोर्टात अडकले, नोटीस बजावून परत आली नाही, जज्ज रजेवर, की पडली तारीख. कन्नडात ह्याला मुंदूडिके म्हणतात, ऑर्डरशीटवर ‘मुंदूडलागिदे’ दिसलं तर काम पुढच्या तारखेवर गेलं एवढाच त्याचा अर्थ, त्यानं कुणाचं काही अडत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १७ मध्ये (इथं ‘ऑर्डर’ म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, संहितेतलं प्रकरण) लिहिलंय की सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये, ही दुरुस्ती १९९९ ची, लागू झाली २००२ पासून. ती किती पाळली जाते ते कोर्टाच्या आवारात चहा पिणाऱ्या कुणालाही विचारा. सुप्रीम कोर्टानंही २००५ मध्ये सांगितलं की अगदीच नाइलाज असेल तर तीनच्या पुढं देता येते, आणि नाइलाज काय रोजच असतो. ई-कोर्टवर तुम्हाला नुसती पुढची तारीख दिसतेय म्हणजे निदान त्या दिवशी तरी केस तहकूब झाली एवढं नक्की. मनाई मिळाली का नाही ते त्या तारखेवरून कळत नाही, त्यासाठी त्या दिवसाची ऑर्डर उघडून वाचावी लागते.

आता स्टे, म्हणजे मराठीत ज्याला नीट ‘स्थगिती’ म्हणतात तो. स्टेला आधी एखादा हुकूम लागतो. खालच्या कोर्टाचा निकाल, तहसीलदाराचा हुकूम, फेरफार म्हणजे उताऱ्यावरचा नावबदल, लिलावाची नोटीस, काहीही, आणि वरचं कोर्ट किंवा वरचा अधिकारी म्हणतो की आमचा निर्णय होईपर्यंत ह्याचा अंमल करू नका. इथं एक गैरसमज फार आहे, "अपील टाकलंय म्हणजे स्टे आहेच की". अजिबात नाही. दिवाणीत तर ऑर्डर ४१ नियम ५ मध्ये चक्क लिहून ठेवलंय की नुसतं अपील दाखल केलं म्हणून अंमल थांबत नाही, स्टेचा वेगळा अर्ज द्यायचा, कारण दाखवायचं आणि कोर्टानं तो मंजूर करायचा. धारवाडच्या हायकोर्टात रिट टाकून घरी येऊन "धारवाडहून स्टे आणला" म्हणून सांगणारे मी बघितलेत, आणि कागद बघावा तर त्यात फक्त समोरच्याला नोटीस काढायचा हुकूम.

मनाई म्हणजे इंजंक्शन, हे अजून वेगळं. ती कुठल्या हुकमाला अडवत नाही, ती माणसाला अडवते. "प्रतिवादी, त्याचे नोकर, त्याची माणसं यांनी दावा जमिनीत वादीच्या कब्जाला हरकत करू नये", ही मनाईची भाषा. ती संहितेच्या ऑर्डर ३९ नियम १ आणि २ खाली मिळते. आणि इथंच आपल्या भागात घोळ होतो, कारण बोलताना आणि कन्नड पेपरातसुद्धा ‘तडेयाज्ञे’ हा एकच शब्द दोन्हीला सर्रास वापरतात. तडे म्हणजे अडथळा, आज्ञे म्हणजे हुकूम, अडवणारा हुकूम तर दोन्हीही आहेत. कागदोपत्री कन्नडात मनाईला ‘निर्बंधकाज्ञे’ असा वेगळा शब्द आहे, पण तो माणसांच्या तोंडी फारसा नाही. मराठीत स्थगिती आणि मनाई हुकूम असे दोन शब्द आहेत, आपण ते दोन्ही सोडून "स्टे आणलाय" म्हणतो.

फरक एवढा का उगाळतोय ते सांगतो. माझ्याकडं खानापूरकडच्या एक मावशी आल्या होत्या, पिशवीत गुंडाळलेली ऑर्डर, म्हणाल्या, "वकीलसाब, स्टे हाय आमच्याकडं, खरं तेनी काम सोडीनात, पोलीसबी काय करीनात." ऑर्डर होती एसींची, म्हणजे प्रांतांची. दिरानं परस्पर स्वतःच्या नावावर फेरफार करून घेतला होता, त्यावर ह्यांनी कर्नाटक भूमहसूल कायदा १९६४ च्या कलम १३६ खाली अपील केलं होतं आणि एसींनी अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्या फेरफाराच्या अंमलाला तडेयाज्ञे दिली होती. शेवटची ओळ वाचली तर हुकूम तहसीलदाराला उद्देशून. म्हणजे थांबलं काय, तर तहसीलदार ऑफिसातली नोंद. शेतात उभा असलेला दीर आणि त्याचा ट्रॅक्टर ह्यांच्याबद्दल त्या कागदात अवाक्षर नव्हतं. पोलीस तरी कुठल्या ओळीवर बोट ठेवून त्याला अडवणार? मावशींना मग दिवाणी कोर्टात दावा घालून मनाईचा अर्ज द्यावा लागला, ते वेगळं काम, वेगळा खर्च.

तुमच्या वडिलांनी पाठवलेला कागद असाच रेव्हेन्यूचा असेल अशी मला दाट शंका आहे. तसं असेल तर काकांचं खरं आहे, "स्टे मिळाला", आणि चुलत भावाचंही बरोबर आहे, "मला कुणी अडवलेलं नाही". दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलालेत.

सुप्रीम कोर्टानं १९६७ साली मुलराज विरुद्ध मूर्ती रघुनाथजी महाराज ह्या प्रकरणात हा फरक चांगला सोडवून सांगितलाय. स्टे हा खालच्या कोर्टाला दिलेला हुकूम, त्यामुळं तो खालच्या कोर्टाला कळेपर्यंत तिथं जे झालं ते आपोआप रद्द ठरत नाही. मनाई पक्षकाराला दिलेली असते, ती निघाल्या क्षणापासून त्याच्यावर लागू, मात्र मोडली म्हणून शिक्षा करायची असेल तर त्याला ती माहीत होती हे दाखवावं लागतं. म्हणून मी पक्षकाराला सांगतो, स्टे मिळाला की पेढे नंतर वाटा, आधी प्रत घेऊन त्या खालच्या ऑफिसात जा आणि आवक शिक्का मारून घ्या. मनाई मिळाली तर ती समोरच्याला बजावल्याचा पुरावा पक्का ठेवा.

दुसरी गोष्ट, स्टे म्हणजे रद्द नव्हे. फेरफाराला स्टे मिळाला की लोक उताऱ्यावर जुनी नावं परत येण्याची वाट बघतात. नाही येत. हे सांगणारा निकाल आपल्याच राज्यातल्या प्रकरणाचा आहे, चामुंडी मोपेड्सचा, १९९२. त्यात म्हटलंय की हुकूम रद्द झाला तर हुकमाच्या आधीची स्थिती परत येते, स्टे मिळाला तर फक्त त्या तारखेपासून पुढं त्याचा अंमल होत नाही, हुकूम आपल्या जागी असतोच. पाटाला आडवी फळी घातली म्हणून वरचं तळं काय रिकामं होत नाही, फळी काढली की पाणी परत चालू. उताऱ्यावर फार तर ११ नंबरच्या कॉलमात, जिथं हक्क आणि बोजा लिहितात तिथं, कोर्टाच्या तडेयाज्ञेची नोंद येते, तीसुद्धा तुम्ही प्रत देऊन मागे लागलात तर. पण ती नोंद आली तर फायदा आहे, जमीन घ्यायला येणारा उतारा बघतो आणि बिचकतो.

मग हे थांबणं कधीपर्यंत? तात्पुरतं म्हणजे किती, हे ऑर्डरमध्येच असतं आणि बहुतेक वाद त्याच शब्दांवर होतात. "अपिलाचा निकाल लागेपर्यंत" असेल तर बरं. "पुढील आदेशापर्यंत" असेल तर नवा आदेश येईतोवर. आणि "पुढील तारखेपर्यंत" असेल तर मात्र जागं राहायचं, कारण त्या तारखेला वकिलानं उभं राहून मुदत वाढवून मागितली नाही आणि कोर्टानं वाढवली नाही तर साधारणपणे तो स्टे तिथंच संपतो. आता गंमत बघा, पुढच्या तारखेला केस तहकूब झाली तर काय? तहकुबीनं केस पुढं जाते, स्टे आपोआप तिच्याबरोबर पुढं जातोच असं नाही. त्या दिवसाच्या ऑर्डरशीटवर "अंतरिम आदेश चालू" अशा अर्थाची ओळ आहे का बघायची. तुमच्या चुलत भावाच्या वकिलानं हीच फट बघितली असेल तर जेसीबी कुठल्या तारखेनंतर आला ते एकदा तपासा.

सहा महिन्यांचं एक भूत अजून लोकांच्या डोक्यात आहे. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या एशियन रीसरफेसिंगच्या निकालात असं आलं होतं की दिवाणी किंवा फौजदारी खटल्याच्या कामकाजाला दिलेला स्टे सहा महिन्यांत वाढवला नाही तर आपोआप उठतो. त्याच्यावर लोकांनी लय उड्या मारल्या, "सहा महिने झाले, स्टे गेला". तो नियम आता नाही. २९ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तो मोडीत काढला, नुसते दिवस उलटले म्हणून हायकोर्टाचा स्टे आपोआप उठत नाही, उठवायचा तर दोन्ही बाजूंचं ऐकून उठवायचा. कन्नड कागदात ‘तेरवु’ शब्द बघा, ‘तडेयाज्ञे तेरवु’ म्हणजे स्टे उठवला. तो शब्द नसेल आणि ऑर्डरमध्ये मुदत घातलेली नसेल, तर गावात कोण काय म्हणतो त्यावर जाऊ नका.

मनाईच्या बाबतीत अजून एक. समोरच्याला न ऐकता एकतर्फी मनाई दिली असेल तर तो अर्ज ३० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न कोर्टानं करावा असं ऑर्डर ३९ नियम ३-अ म्हणतो. नाही झालं तर कोर्टानं कारण लिहायचं. त्या ३० दिवसांनी मनाई आपोआप मरते असं समजू नका, पण पक्की आहे असंही समजू नका, समोरचा हजर होऊन ती उठवायचा अर्ज देणारच.

‘जैसे थे’ हा ह्या सगळ्यांतला मला सगळ्यात न आवडणारा हुकूम. कन्नडात यथास्थिति. ऐकायला न्यायाचा वाटतो, दोन्ही पक्षांनी आहे तसं ठेवावं. अरे पण आहे तसं म्हणजे कसं? कब्जा कुणाचा होता, बांध कुठं होता, भिंत जोत्यापर्यंत होती का लिंटेलपर्यंत, हे ऑर्डरमध्ये नसेल तर दोघंही "माझाच कब्जा होता, तेच जैसे थे" म्हणून भांडायला मोकळे. मी एका प्रकरणात बघितलंय, ऑर्डर झाली त्याच रात्री एकानं पत्रे टाकले आणि सकाळी म्हणाला शेड आधीपासूनच होती. म्हणून जैसे थे मिळणार असं दिसलं की मी कोर्टाला विनंती करतो, कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी करून घ्या, निदान आमचे तारखेसकट फोटो तरी रेकॉर्डवर घ्या. तुमच्या कागदात ‘यथास्थिति’ असेल तर जेसीबीचा माणूस सरळसरळ ऑर्डर मोडतोय असं म्हणता येईल, फक्त बांध आधी कुठं होता हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.

चौथा प्रकार, दावाच थांबवून ठेवणं, तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १० खाली होतो, त्याच पक्षांमध्ये त्याच विषयावर आधीचा दावा कुठं चालू असेल तर नंतरच्या दाव्याची सुनावणी थांबवतात. तुमच्या वर्णनावरून हे दिसत नाही, सोडून देतो.

बाकी पेपरात आणि सभांत हे शब्द कसे चालतात तेही तुम्ही विचारलंय, तर तिथंही काय थांबलं आणि कोण परत सुरू करणार एवढंच बघायचं. हलग्याजवळ सुवर्णविधानसौध २०१२ ला झालं तेव्हापासून हिवाळी अधिवेशनातले हे शब्द आपल्या दारातच आलेत. दिवसाचं काम तहकूब करतात ते सभाध्यक्ष, "अनिश्चित काळासाठी तहकूब" हेही त्यांचंच. अधिवेशनाची सत्रसमाप्ती करतात राज्यपाल, अनुच्छेद १७४ खाली, आणि त्यानं सभागृहात अर्धवट राहिलेली विधेयकं मरत नाहीत. बरखास्त म्हणजे विधानसभाच संपली, परत निवडणूक. कन्नड पेपर तहकुबीला मुंदूडिकेच लिहितात, त्यामुळं कोर्टाची तारीख पुढं गेली आणि विधानसभा बेमुदत तहकूब झाली ह्या दोन्ही बातम्यांत तोच शब्द येतो.

‘स्थगित’ला कन्नडात जरा जास्त जोर आहे. तिकडं ‘बस संचार स्थगित’, ‘उत्पादन स्थगित’ म्हणजे बंदच पडलं असाही सूर असतो, परत कधी सुरू होणार ह्याची हमी शब्दात नाही. मराठीत स्थगित म्हटलं की मनात पुढं "सध्यापुरतं" असतं. सीमेवर काही गडबड झाली आणि कोगनोळीच्या अलीकडं-पलीकडं बसेस थांबल्या की दोन्ही भाषांतले पेपर हाच शब्द छापतात आणि स्टँडवरची माणसं आपापल्या परीनं अर्थ लावतात. परीक्षेचं तसंच, ‘पुढे ढकलली’ म्हटलं की पोरं नवीन तारीख शोधतात, ‘स्थगित’ म्हटलं की तारीख नंतर कळवणार.

आंदोलनवाल्यांना ह्या शब्दांची किंमत चांगली कळते. ‘मागे घेतलं’ आणि ‘स्थगित केलं’ ह्यात मागण्या मिटल्या का शिल्लक आहेत हा फरक आहे, म्हणून मंत्र्यानं आश्वासन दिलं तरी मुरलेला पुढारी उपोषण "स्थगित"च करतो. ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण बेळगावातच घडलंय. १९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव. गांधीजी, चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांच्यात आधी कलकत्त्यात झालेल्या समझोत्यावर तिथं शिक्कामोर्तब झालं, असहकाराचा राष्ट्रीय कार्यक्रम स्थगित, परदेशी कापड न वापरण्याचा भाग तेवढा चालू. एखाद्या वकिलानं ड्राफ्ट करावी तशी ती स्थगिती आहे, काय थांबलं आणि त्यातून काय वगळलं हे दोन्ही त्यात आहे. तुमच्या ऑर्डरमध्येही "एवढं सोडून" असं काही आहे का ते बघायचं ते ह्यासाठी. पेरणीला मुभा आणि बांधकामाला मनाई, असे हुकूम पुष्कळ असतात.

आणि प्रलंबित हा शब्द ह्या कुळातलाच नाही, तरी लोक त्यालाही स्थगित म्हणतात. महाराष्ट्रानं २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात घातलेला सीमाप्रश्नाचा दावा प्रलंबित आहे. म्हणजे निकाल लागलेला नाही, एवढंच. प्रलंबित दाव्यानं मधल्या काळात काहीच अडत नाही, त्यासाठी वेगळा अंतरिम हुकूम लागतो. तुमच्या जमिनीच्या दाव्यालाही हेच लागू.

आता पाहुण्यांचं ‘अमानत’. घाबरू नका आणि हसूही नका, हा शब्द आपल्याकडं दर दोन दिवसांनी कुणाला तरी फसवतो. मराठीत अमानत म्हणजे सांभाळायला दिलेली ठेव. कन्नडात ‘अमानतु’ म्हणजे निलंबन, सस्पेंड. ‘पीडीओ अमानतु’ अशी हेडलाइन असली तर पीडीओनं, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यानं, कुठं ठेव ठेवलेली नाही, त्याला घरी बसवलंय. ह्याचाच भाऊ ‘वजा’. मराठीत वजाबाकीतला, कन्नडात नोकरीतून काढून टाकलं किंवा अर्ज फेटाळला. ‘अर्जी वजा’ वाचून आपला माणूस विचारतो, किती वजा झालं? सगळंच झालं बाबा.

निलंबन म्हणजे नोकरी गेली असं नाही. चौकशी चालू असताना माणसाला कामापासून बाजूला ठेवायचं, तो नोकरीतच असतो, पूर्ण पगाराऐवजी निर्वाह भत्ता मिळतो, सुरुवातीला साधारण निम्म्या पगाराच्या हिशेबानं. राज्य सरकारी नोकरांसाठी हे १९५७ च्या कर्नाटक नागरी सेवा नियमांतल्या नियम १० मध्ये आहे, त्यात असंही आहे की ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला तर तो निलंबित झाला असंच धरतात. ती शिक्षा नाही, शिक्षा चौकशीनंतर, झालीच तर. पण पाहुणे नक्की कोण आहेत त्यावर आहे. पीडीओ म्हणजे सरकारी नोकर, पंचायतीचा बिल कलेक्टर किंवा पाणी सोडणारा हा पंचायतीचा माणूस, त्याला लागणारे नियम वेगळे. ऑर्डर कुणाच्या सहीची आहे तेवढं विचारा.

परत तुमच्या बांधाकडं. काकांना फोन केलात तर "स्टे आहे का" असं विचारू नका, ते हो म्हणणार. विचारा, ऑर्डर कुणी दिली, तहसीलदार, एसी, दिवाणी कोर्ट का धारवाड. हुकूम कुणाला केलाय, ऑफिसला का चुलत भावाला नाव घेऊन. कुठल्या सर्व्हे नंबरला, अख्ख्या का काही गुंठ्यांपुरता. आणि कधीपर्यंत. काकांना सांगता आलं नाही तर वकिलांच्या क्लार्ककडून सीएनआर नंबर घ्या, १६ अक्षरी असतो, ई-कोर्टवर त्यावरून रोजच्या ऑर्डरी उघडतात, अपलोड केल्या असतील तर. एसींच्या ऑफिसातलं प्रकरण त्या ॲपवर दिसणार नाही, तिथं माणूसच पाठवावा लागेल.

ऑर्डर फक्त रेव्हेन्यूची निघाली तर वकिलांना सांगून दिवाणी कोर्टात मनाईचा अर्ज लवकर टाका, बांध एकदा सपाट झाला की नंतर मोजणी आणून तो परत कुठं होता हे सिद्ध करत बसावं लागतं. आणि मनाई आधीच असेल, त्याला बजावलेली असेल आणि तरी तो कोरत असेल, तर ऑर्डर ३९ नियम २-अ खाली अर्ज करता येतो, मालमत्ता जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद, दोन्ही आहे त्यात. कोर्टं लगेच आत टाकत नाहीत, पण तो अर्ज बजावला गेला की जेसीबी बहुतेक दुसऱ्या शेतात जातो. पोलीस ठाण्यात जाताना फोटो नको, प्रमाणित प्रत न्या, आणि ज्या ओळीत प्रतिवादीला अडवलंय ती पेन्सिलनं खूण करून दाखवा, कन्नडातली असेल तर उत्तमच, त्यांनाही वाचायला सोपं.

वडिलांना सांगा, कागद सपाट ठेवून उजेडात शेवटच्या पानाचा फोटो काढा. नावं आणि सर्व्हे नंबर झाकून इथं टाकलात तर ती तडेयाज्ञे कुठल्या जातीची आहे ते बघून सांगतो.